रेषेबाहेरची पिया

२७ मे १९८४. इंग्लंडमधल्या लुटन गावचं केनिलवर्थ रोड मैदान पावसानं असं झालेलं की चेंडू पुढे ढकलला तर चार हातांवर चिखलात रुतून बसावा. बायकांच्या पहिल्यावहिल्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीचा हा दुसरा सामना होता. पंधरवड्यापूर्वी गोथेनबर्गला झालेला पहिला सामना स्वीडननं १-० असा जिंकला होता. इथे इंग्लंडनं तेवढ्याच गोलनं परतफेड केली आणि निकाल पेनल्टीवर गेला. स्वीडनची गोलरक्षक एलिझाबेथ लाईडिंगे हिनं दोन फटके अडवले. मग चोवीस वर्षांची पिया सुन्दहागे पुढे आली. गोथेनबर्गचा तो एकमेव गोलही तिचाच होता, डोक्यानं मारलेला. तिनं चेंडू जाळ्यात घातला आणि स्वीडन ४-३ असं युरोपचं विजेतं झालं.

त्या स्पर्धेतले सामने नव्वद मिनिटांचे नव्हते. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव असायचे आणि चेंडू चार नंबरचा, म्हणजे शाळकरी मुलांना देतात तो. बायकांना यापुढे झेपणार नाही, असं ठरवून मोकळे झालेले लोक तेव्हा हा खेळ चालवत होते. त्याच इंग्लंडात १९२१ पासून जवळजवळ पन्नास वर्षं फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी होती. लुटनला सामना बघायला आलेली माणसं अडीच हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या विजयाला एवढे थोडे साक्षीदार.

पियाविषयी लिहायला बसलं की पदकांपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण पदकं पुष्कळ आहेत. मी मात्र तिच्यात अडकले ते दुसऱ्याच कारणानं. शेवटचा फटका स्वतः मारायला पुढे जाणारी ही बाई पुढे कित्येक वर्षं मैदानाच्या रेषेबाहेर उभी राहून दुसऱ्या मुलींना त्या फटक्यासाठी पाठवत राहिली. अमेरिका, स्वीडन, ब्राझील, स्वित्झर्लंड. प्रत्येक ठिकाणी वेगळी भाषा, वेगळा स्वभाव, फुटबॉलची वेगळी समजूत. ज्याच्या पायात कला आहे त्यानं ती पायातच ठेवून द्यायची आणि दुसऱ्याच्या पायांवर भरवसा टाकायचा, हे मला खेळण्याहून अवघड वाटतं.

तिचा जन्म १३ फेब्रुवारी १९६० चा, स्वीडनच्या दक्षिणेकडच्या उल्रिसेहाम्न या छोट्या गावचा. सहा-सात वर्षांची असल्यापासून चेंडूचं वेड. मुलींचा संघच नव्हता, मुलांच्या संघात मुलींना परवानगी नव्हती. तेव्हा तिथल्या प्रशिक्षकानं तोड काढली: आपण तुला पेल्ले म्हणू. पेल्ले हे स्वीडनमधलं मुलाचं साधं, घरगुती नाव. पिया पेल्ले होऊन खेळू लागली. ही गोष्ट तिनं मुलाखतींमधून पुष्कळदा सांगितली आहे, आणि सांगताना तिच्या बोलण्यात कडवटपणा जाणवत नाही. खेळायला मिळालं, याचाच आनंद जास्त.

मला ती गोष्ट तितक्या हलकेपणानं ऐकता येत नाही. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की आमच्या पेठांमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नसतो. फुटबॉल आमच्या घरात पाहुण्यासारखा नाही, घरच्या माणसासारखा राहिला. तरी माझ्या लहानपणी गॅलरीत बायका मोजक्या आणि मैदानात एकही नाही. गल्लीत भावांबरोबर चेंडूला पाय लावणाऱ्या मुली होत्या, चांगल्या लावणाऱ्या होत्या. एका वयानंतर त्या दिसेनाशा व्हायच्या आणि कुणी विचारायचं नाही की काय झालं. त्यांच्यातल्या एखादीला कुणी दुसरं नाव देऊन का होईना, संघात घेतलं असतं तर? हा प्रश्न मला पियाच्या गोष्टीनं दिला आणि तो अजून सुटत नाही.

स्वीडनचा बायकांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला १९७३ मध्ये. दोनच वर्षांनी, पंधराव्या वर्षी, पिया त्या संघात आली आणि १९९६ पर्यंत खेळत राहिली. १४६ सामने, ७१ गोल. मधे १९८५ मध्ये इटलीत लाझिओकडूनही खेळून आली. १९८८ मध्ये स्वीडनच्या टपाल खात्यानं तिचं चित्र असलेलं तिकीट काढलं. १९९१ मध्ये चीनमध्ये बायकांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा ती एकतिशीत होती. उपांत्यपूर्व फेरीत यजमान चीनला स्वीडननं १-० असं हरवलं तो गोल तिचा होता, आणि स्वीडन तिसरं आलं. चार वर्षांनी विश्वचषक स्वीडनमध्येच झाला. या वेळी चीननं घरात येऊन उट्टं काढलं, तेही पेनल्टीवर. १९९६ मध्ये ऑलिम्पिकमध्ये बायकांचा फुटबॉल पहिल्यांदा आला, अटलांटाला. तिथे खेळून तिनं बूट काढले.

म्हणजे युरोपातली पहिली स्पर्धा, पहिला विश्वचषक, पहिलं ऑलिम्पिक, तिन्हीकडे ती होती. आपल्या आधी कुणी गेलेलंच नाही अशा वाटेनं तिचं सगळं खेळणं झालं. अशा माणसाला पुढे शिकवायची वेळ येते तेव्हा त्याच्याजवळ उसनं काही नसतं.

प्रशिक्षणाची सुरुवात तिनं खेळता खेळताच केली होती, स्टॉकहोमच्या हम्मार्बी संघात, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. नंतर अमेरिकेत बायकांची पहिली व्यावसायिक लीग निघाली तेव्हा फिलाडेल्फियाच्या संघात ती सहायक होती आणि २००३ मध्ये बॉस्टनची मुख्य प्रशिक्षक. त्या हंगामातली सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून तिची निवड झाली आणि त्याच सप्टेंबरात पैशाअभावी लीगच बंद पडली. पुढे नॉर्वे, मग स्वीडनमधलं ओरेब्रू, मग २००७ च्या विश्वचषकात चीनच्या संघाची सहायक. ही वर्षं मी भराभर सांगून टाकतेय, पण सूटकेस घेऊन देशोदेशी राहायची तिची सवय याच काळातली असावी.

त्या २००७ च्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीत ब्राझीलकडून ०-४ असा हरला. हरण्याहून वाईट गोष्ट सामन्यानंतर घडली. स्पर्धाभर खेळलेली गोलरक्षक होप सोलो हिला त्या सामन्यात बसवून जुन्याजाणत्या ब्रायाना स्करीला खेळवलं होतं. सोलो बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाली की ते गोल मी अडवले असते. सहकाऱ्यांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं. संघ मनानं फुटलेला, प्रशिक्षकाला घरी पाठवलेलं, अशा वेळी अमेरिकेनं पियाला बोलावलं.

पहिल्या बैठकीत तिनं काय केलं ते आता सर्वांना माहीत आहे. गिटार घेतली आणि काळ बदलतो आहे अशा अर्थाचं एक जुनं अमेरिकन गाणं खेळाडूंना म्हणून दाखवलं. जगज्जेत्या, ऑलिम्पिक विजेत्या मुली समोर बसलेल्या. नवी प्रशिक्षक परक्या देशाची, इंग्रजी अडखळत बोलणारी, आणि ती गाते आहे. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात मोठं धाडस दिसतं. फुटलेल्या खोलीत शिरणारा माणूस बहुधा आवाज चढवतो, नियम सांगतो. तिनं आधी स्वतःला उघडं केलं. तुम्ही माझ्यावर हसलात तरी चालेल, एवढं तिनं न बोलता सांगून टाकलं, आणि ज्या खोलीत सगळ्या एकमेकींपासून जपून बसल्या होत्या तिथे कुणीतरी पहिल्यांदा जपणं सोडलं.

मग सोलोचा विषय. तिनं मुलींना विचारलं, जिंकायचंय का? जिंकायचं तर चांगले गोलरक्षक लागतील. झालेलं विसरा असा आग्रह तिनं धरला नाही, माफ करा एवढं मागितलं. विसरणं कुणाच्या हातात नसतं. माफ करणं असतं. घराघरांत वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना ‘विसरून जा’ असं सांगणारेही पाहिले आहेत. त्यानं कधी काही जुळलेलं मला आठवत नाही. पियाची मागणी लहान होती, म्हणून ती पुरी झाली.

पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिक. स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना सराव सामन्यात संघाची मुख्य गोल करणारी ॲबी वॉम्बाक हिचा पाय मोडला. पहिल्या सामन्यात नॉर्वेनं चार मिनिटांत दोन गोल केले आणि अमेरिका हरली. तिथून हा संघ अंतिम फेरीत गेला आणि ब्राझीलला जादा वेळेत १-० असं हरवून सुवर्ण घेऊन आला. कार्ली लॉईडचा गोल आणि गोलपाशी होप सोलो, जिच्याशी दहा महिन्यांपूर्वी कुणी धड बोलत नव्हतं.

पण पियाचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती १० जुलै २०११ ची रात्र. जर्मनीत ड्रेस्डेनला अमेरिका आणि ब्राझील, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. आपल्याकडे रात्री नऊला सुरू झालेला सामना, बाहेर पाऊस, आणि घरातले सगळे एकेक करून झोपायला गेलेले. दुसऱ्याच मिनिटाला ब्राझीलच्या दायाने हिच्याकडून स्वयंगोल झाला. उत्तरार्धात अमेरिकेच्या रेचल ब्यूलरला लाल कार्ड मिळालं. पेनल्टी सोलोनं अडवली, पंचांनी ती पुन्हा मारायला लावली, मार्तानं गोल केला. जादा वेळेच्या सुरुवातीलाच मार्ताचा दुसरा गोल. दहाजणी, एका गोलनं मागे, आणि तासाभराची दमछाक.

१२२ वं मिनिट. डावीकडून मेगन रपिनोचा लांबलचक उंच चेंडू, गोलरक्षकाच्या हातांपलीकडून, आणि दूरच्या खांबाशी वॉम्बाकचं डोकं. मी ओरडले नाही, घर झोपलं होतं. उशी तोंडावर दाबून धरली. पेनल्टीमध्ये सोलोनं बिचाऱ्या दायानेचाच फटका अडवला आणि अमेरिका ५-३ अशी जिंकली. सामन्यानंतर पिया म्हणाली त्याचा आशय असा की मी स्वीडनची आहे, ही शेवटपर्यंत न सोडण्याची अमेरिकन वृत्ती संसर्गजन्य आहे. प्रशिक्षक असं सहसा बोलत नाहीत. मी त्यांना घडवलं, असं सुचवण्याची ती हक्काची वेळ होती आणि ती सांगत होती की मी यांच्याकडून घेतलं.

सात दिवसांनी अंतिम सामना जपानशी. भूकंप आणि त्सुनामीतून चार महिन्यांपूर्वीच गेलेला तो देश. दोनदा आघाडी घेऊनही अमेरिकेला ती टिकवता आली नाही. ११७ व्या मिनिटाला होमारे सावानं बरोबरी साधली. पेनल्टीवर अमेरिकेच्या पहिल्या तिन्ही फटक्यांना गोल झाला नाही. लुटनच्या चिखलात जी स्वतः पुढे झाली होती ती आता पांढऱ्या रेषेमागे उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. हरल्यावर तिनं कुणाकडे बोट दाखवलं नाही.

लंडनला २०१२ मध्ये तिनं अमेरिकेला पुन्हा सुवर्ण मिळवून दिलं. मँचेस्टरला कॅनडाविरुद्धचा ४-३ चा उपांत्य सामना, तीनदा मागे पडून तीनदा गाठलेला आणि १२३ व्या मिनिटाला ॲलेक्स मॉर्गननं संपवलेला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वेम्बलीच्या अंतिम सामन्याला ८०,२०३ माणसं होती. लुटनपासून ते मैदान मोटारीनं तासाभरावर. त्या अंतराला अठ्ठावीस वर्षं लागली. १०७ सामन्यांत ९१ विजय आणि फक्त ६ पराभव, एवढी शिल्लक मागे ठेवून ती अमेरिका सोडून निघाली. त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून फिफानं तिला गौरवलं.

ती स्वीडनला परत गेली आणि तिथे मला तिची सर्वांत अवघड वर्षं दिसतात. २०१३ ची युरो स्पर्धा घरच्या मैदानांवर होती. उपांत्य फेरीत, तेही गोथेनबर्गला, जर्मनीनं १-० असं थांबवलं. २०१५ च्या विश्वचषकात तीन साखळी सामने, तिन्ही बरोबरीत, आणि मग जर्मनीकडून १-४. त्या स्पर्धेआधी तिनं एका अमेरिकन वर्तमानपत्राला मुलाखत दिली. सोलो आणि लॉईड या सांभाळायला किती कठीण होत्या, वॉम्बाकला आता मी राखीव बाकावरून खेळवलं असतं, असं बरंच काही. ते वाचून मला वाईट वाटलं. तिचं निरीक्षण खोटं असेल असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलींना तिनं एकमेकींना माफ करायला लावलं, त्यांचे कच्चे दुवे विश्वचषकाच्या तोंडावर असे जगापुढे मांडायला नको होते. माणूस आवडतं म्हणून त्याचं सगळंच आवडून घ्यावं लागत नाही.

आणि मग रिओ, २०१६. साखळीत ब्राझीलनं स्वीडनला ५-१ असं धुऊन काढलं होतं. गटात तिसरा येऊन कसाबसा पुढे गेलेला हा संघ ब्रासिलियाला अमेरिकेसमोर उभा राहिला. पियानं त्या दिवशी जे केलं ते तिच्या स्वतःच्या खेळाच्या अगदी उलट होतं. ती जन्मभराची आघाडीपटू, गोल करणारी, चेंडू पायाशी खेळवणारी. अमेरिकेलाही तिनं हेच शिकवायचा प्रयत्न केला होता, लांब लाथाडू नका, पास द्या. आता तिनं सगळा संघ मागे ओढला. दोन घट्ट रांगा, मधे फट नाही, चेंडू तुमचा, जागा आमची. एखादी संधी मिळाली तर धाव. स्टिना ब्लाकस्टेनियसनं तशी एक संधी साधली. मॉर्गननं बरोबरी केली. पेनल्टीमध्ये हेडविग लिंडालनं मॉर्गनचा फटका अडवला आणि पाचवा अमेरिकन फटका आडव्या खांबावरून गेला. शेवटच्या फटक्याआधी सोलोनं हातमोजे बदलायला बराच वेळ घेतला. लीसा डालक्विस्ट थांबून राहिली, मग तिनं चेंडू जाळ्यात घातला.

याच डालक्विस्टनं २०११ च्या विश्वचषकात पियाच्या अमेरिकेविरुद्ध पेनल्टीवर गोल केला होता आणि स्वीडननं तो सामना २-१ असा जिंकला होता. आता तिचाच फटका पियाच्या उपयोगी पडला.

सोलो चिडून म्हणाली की आम्ही भित्र्यांच्या टोळीकडून हरलो. पियाचं उत्तर प्रसिद्ध आहे: जिंकत असलात तर भित्रं असायला हरकत नाही. आणि पुढे, मला काही फरक पडत नाही, मी रिओला चाललेय, ती घरी चाललीय. पुढच्या सामन्यात माराकानावर ब्राझीललाही तिनं तसंच गोलशून्य रोखलं आणि पेनल्टीवर हरवलं, पुन्हा शेवटचा फटका डालक्विस्टचा. अंतिम सामन्यात जर्मनी २-१ नं जिंकली. स्वीडनच्या बायकांचं फुटबॉलमधलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक, रुपेरी.

त्या खेळावर पुष्कळ टीका झाली. रटाळ, घाबरट, फुटबॉलचं नुकसान करणारा वगैरे. मी त्या टीकेशी मुळीच सहमत नाही. समोरच्याजवळ वेग जास्त, ताकद जास्त, आणि आपल्याजवळ एकमेकींतलं अंतर राखायची शिस्त, तर ती शिस्त वापरायची नाही का? स्वतःला जो खेळ आवडतो तो संघावर न लादता, या अकराजणींना आज काय जमेल ते ओळखणं, हीच तर प्रशिक्षकाची खरी परीक्षा. मोठे खेळाडू प्रशिक्षक म्हणून फसतात ते बहुतेक इथेच. त्यांना समोर स्वतःचं तरुणपण खेळताना पाहायचं असतं.

२०१९ मध्ये ब्राझीलनं तिला बोलावलं. त्यांच्या बायकांच्या संघाची ती पहिली परदेशी प्रशिक्षक. ती पोर्तुगीज शिकली, तिकडची गाणी म्हणू लागली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कॅनडानं तिला पेनल्टीवर बाहेर काढलं. २०२२ मध्ये कोपा अमेरिका तिनं एकही गोल न खाता जिंकली.

याच काळात तिचा आपल्याशी थोडा संबंध आला. २५ नोव्हेंबर २०२१ ला ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात ब्राझील विरुद्ध भारत असा सामना झाला. सात ऑलिम्पिक खेळलेल्या फोर्मिगाचा तो निरोपाचा सामना. एका बाजूला पिया आणि आपल्या बाजूला थॉमस डेनरबी, तोही स्वीडिश, तोही स्टॉकहोमच्या क्लबांतून खेळलेला. २०११ मध्ये पियाच्या अमेरिकेला हरवणाऱ्या स्वीडनचा प्रशिक्षक तोच. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलनं गोल केला. आठव्या मिनिटाला होशियारपूरची मनीषा कल्याण चेंडू घेऊन सुटली आणि तिनं बरोबरी केली. ब्राझीलविरुद्ध. शेवटी ६-१ असे हरलो, पण त्या गोलची चित्रफीत भारतात फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाकडे फिरली. पुढच्या वर्षी मनीषा सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथे खेळणारी पहिली भारतीय म्हणून.

डेनरबीचा तो संघ दोन महिन्यांनी नवी मुंबईत आशिया चषक खेळला. डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी ०-० बरोबरी, आणि मग संघात करोना शिरला. चायनीज तैपेईविरुद्ध उभ्या करायला तेरा खेळाडूसुद्धा उरल्या नाहीत. यजमान भारत स्वतःच्याच स्पर्धेतून बाद झाला आणि विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली. आपल्या अंगणात, आपल्या मुली, खेळून हरण्याचीही संधी न मिळता. मला ते आजही सहन होत नाही. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे मनाउसच्या गोलचा केवढा आत्मविश्वास होता, आणि पुढचा सामना हॉटेलच्या खोलीत बसून हुकला.

पियाचा ब्राझीलचा शेवट चांगला झाला नाही. २०२३ च्या विश्वचषकात पनामाला ४-० हरवून सुरुवात केली, फ्रान्सकडून हरले, आणि मेलबर्नला जमैकाविरुद्ध जिंकणं भाग असताना ०-० अशी बरोबरी. १९९५ नंतर पहिल्यांदा ब्राझील साखळीतच बाहेर. मार्ताचा तो शेवटचा विश्वचषक सामना ठरला. जमैकानं त्या दिवशी दोन घट्ट रांगा लावल्या, मधे फट ठेवली नाही. पियानं सात वर्षांपूर्वी ब्रासिलियाला लावल्या होत्या तशाच. आणि त्या फोडायला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. महिनाभरात ब्राझीलनं तिला मोकळं केलं.

त्रेसष्टाव्या वर्षी असा निरोप मिळाल्यावर कुणीही घरी बसलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये ती स्वित्झर्लंडला गेली. दीड वर्षानं युरो स्पर्धा त्यांच्याच देशात होती आणि स्विस बायका त्या स्पर्धेत साखळीपुढे कधी गेल्या नव्हत्या. तयारीचे महिने वाईट गेले. विजय मिळेनात. जून २०२५ मध्ये बातमी फुटली की बंद दारांआड झालेल्या सराव सामन्यात संघ लुत्सर्नच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांकडून १-७ असा हरला. समाजमाध्यमांवर जगभरचे लोक हसले. बायकांचे संघ वेगाच्या सरावासाठी मुलांशी खेळतात ही नेहमीची गोष्ट, तिथल्या निकालाला कुणी जमेत धरत नाही. पण हसणाऱ्यांना तेवढं कशाला हवं असतं? त्या आठवड्यात मला सारखं वाटत होतं की या थट्टेशी पियाची ओळख लहानपणापासूनची आहे. मुलांमध्ये खेळणारी मुलगी म्हणजे काय, हे पेल्ले म्हणून खेळलेल्या बाईला कुणी समजावायची गरज नव्हती.

पहिला सामना बासेलला, नॉर्वेकडून १-२. मग बर्नला आइसलंडवर २-० असा विजय. जिनिव्हाला फिनलंडविरुद्ध बरोबरी पुरणार होती आणि ७९ व्या मिनिटाला फिनलंडला पेनल्टी मिळाली, गोल झाला. ९२ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या रियोला जेमायलीनं बरोबरी केली आणि स्वित्झर्लंड पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत गेलं. तिथे जगज्जेता स्पेन. स्पेनच्या दोन पेनल्टी त्या दिवशी हुकल्या, एक बाहेर गेली आणि एक स्विस गोलरक्षक लिव्हिया पेंगनं अडवली, तरी स्पेन २-० नं जिंकला. सामना संपल्यावर स्पेनच्या खेळाडूंनी दुतर्फा उभं राहून टाळ्यांच्या गजरात स्विस मुलींना मधून जाऊ दिलं. त्या संघात सिडनी शर्टनलाईब आणि इमान बेनी या अठरा वर्षांच्या मुली होत्या. पिया अठरा वर्षांची होती तेव्हा बायकांसाठी ना विश्वचषक होता, ना युरोपची स्पर्धा.

माझी भाची शाळेच्या संघात बचावात खेळते. गोल करणाऱ्यांचे फोटो येतात, आमचे येत नाहीत, अशी तिची तक्रार आहे. तिनं मला एखादा चांगला सामना सांग म्हणून विचारलं तेव्हा ड्रेस्डेनचं नाव ओठांवर आलं होतं, पण मी तिला ब्रासिलियाचा सांगितला, २०१६ चा, पूर्ण १२० मिनिटांचा. चेंडू अमेरिकेकडे असताना स्वीडनच्या मागच्या चौघी काय करतात ते बघ, म्हटलं. तिनं पहिला अर्धा तास पाहिलाय. मधल्या दोघींमधलं अंतर एवढं कमी कसं राहतं, ते तिला कळलेलं नाही. रविवारी उरलेला आम्ही दोघी मिळून बघणार आहोत.